शटडाऊनमधली मोठी जोडणी: वेल्डिंगचा पीस, कपलिंग की चालू लाईनवर टॅपिंग?

चोवीस तासांचं शटडाऊन मिळालंय आणि १००० मिमीची नवी जलवाहिनी जुन्या चालू वाहिनीला जोडायची आहे. अशा कामाला मुख्यतः चार पर्याय विकले जातात. जुनी वाहिनी कापून मधे वेल्डिंगचा पीस बसवणं हा पहिला. फ्लँज अडॅप्टर (साध्या टोकाला फ्लँज, म्हणजे बोल्टच्या भोकांची कडा, देणारा तुकडा), कपलिंग (दोन टोकांवर रबरासकट चढणारी कॉलर) किंवा डिसमँटलिंग जॉइंट (लांबी कमी-जास्त होणारा फ्लँजचा जोड) वापरून, बोल्ट आवळून जोडणं हा दुसरा. तिसरा, पाणी चालू ठेवून टॅपिंग, म्हणजे भरल्या वाहिनीला भोक पाडून फांदी काढणं, आणि चौथा, लाईनस्टॉप, म्हणजे वाहिनीच्या आत तात्पुरता अडथळा लावून तेवढाच तुकडा बंद पाडणं. चारही पर्याय चांगले आहेत, आणि चारही चुकीच्या जागी वापरले की सारखेच रडवतात.

प्रत्येक विक्रेता आपल्या जोडाला किती तास लागतात ते सांगतो. ते तास खरेच असतात, फक्त कोरड्या खड्ड्यातले असतात. प्रत्यक्षात खड्डा कोरडा मिळत नाही. म्हणून या परीक्षणात प्रत्येक पर्यायाला एकच कसोटी लावली आहे: कापलेल्या तोंडातून पाणी येतंय, तळाशी चिखल आहे आणि घड्याळ पळतंय, तेव्हा हा जोड कसा वागतो?

आधी पाण्याचा हिशोब

१००० मिमी वाहिनीच्या प्रत्येक मीटरमध्ये ७८५ लिटर पाणी असतं. दोन व्हॉल्व्हमधलं अंतर २ किलोमीटर असेल तर १,५७० घनमीटर झाले. उतार चांगला असेल आणि स्कोअर व्हॉल्व्ह (वाहिनी रिकामी करायचा तळाचा व्हॉल्व्ह) चालत असेल तर त्यातलं बरंचसं आपोआप उतरतं. पण जोडणीचा खड्डा नेमका खोलगट भागात असेल आणि स्कोअर गंजून बसलेला असेल, तर सगळं पंपावर येतं. तासाला १०० घनमीटर उपसणारे दोन पंप न थांबता चालले तरी आठ तास गेले. शटडाऊनचा एक तृतीयांश वेळ संपतो आणि अजून कटर पेटलेलाही नसतो.

त्याहून वाईट म्हणजे पास होणारा, म्हणजे बंद करूनही पाणी सोडणारा व्हॉल्व्ह. जुन्या गेट व्हॉल्व्हच्या तळाच्या खाचेत गाळ, खडे, गंजाचे पापुद्रे बसलेले असतात. चावी फिरवणारा ‘टाईट झाला’ म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा गाळावर टाईट झालेला असतो. त्यामुळे फेरे मोजायचे. गेट व्हॉल्व्हला ढोबळमानाने दर इंचाला तीन फेरे धरतात, म्हणजे २४ इंचीला पंचाहत्तरच्या आसपास. गिअर असेल तर त्याच्या पटीने वाढवायचे. साठ फेऱ्यांवरच अडला तर तो बंद नाही. दहा-पंधरा फेरे उलटे घेऊन थोडा वेळ तसाच ठेवायचा, अरुंद फटीतून पाणी जोरात जातं आणि खाच धुऊन काढतं, मग पुन्हा बंद करायचा. दोन-तीनदा असं केलं की बरेच व्हॉल्व्ह सुधारतात. लांब पाईप घालून जोर लावला तर मात्र स्पिंडल तुटतो आणि शटडाऊन तिथेच संपतं.

मुख्य शटडाऊनच्या आठवडाभर आधी रात्री दोन तासांची तालीम हवीच. व्हॉल्व्ह बंद करून स्कोअर उघडायचा, साठलेलं पाणी उतरल्यावर जी धार उरते ती मोजायची. २०० लिटरचा ड्रम वीस सेकंदांत भरला तर गळती सेकंदाला १० लिटर, तासाला ३६ घनमीटर. एवढी गळती सतत येणार हे आधी कळलं तर पंप, बांध, जोडाचा प्रकार, सगळं बदलता येतं. ऐन वेळी कळलं तर फक्त एकमेकांकडे बघत बसायचं. जो ठेकेदार ही तालीम दरपत्रकात धरत नाही, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

वेल्डिंगचा पीस: सगळ्यात मजबूत, सगळ्यात नखरेल

दोन्हीकडे पोलादी वाहिनी असेल तर यासारखा जोड नाही. रबर नाही, बोल्ट नाहीत आणि वेल्डिंग नीट झालं तर जोड लांबीच्या दिशेचा ताणही पेलतो. पण त्याला कोरडं लोखंड लागतं.

पीस कारखान्यातून अंदाजे मापाचा आणू नये. तीनशे मिमी जादा लांब आणायचा आणि जुनी वाहिनी कापल्यावर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार मापं घेऊन जागेवर कापायचा. गॅस कटरने कापलेलं जुनं तोंड कधीच काटकोनात नसतं, वर आणि खाली पंधरा मिमीचा फरक सहज निघतो. थेट बट वेल्ड, म्हणजे तोंडाला तोंड भिडवून वेल्ड करायचं तर हा फरक जीव खातो. म्हणून अशा कामात बट स्ट्रॅप बरा. ही दोन अर्धगोल पट्ट्यांची, साधारण २५० मिमी रुंद कॉलर असते. सांध्यावर बसवून दोन्ही कडांना फिलेट वेल्ड, म्हणजे कडेच्या कोपऱ्यात भरलेली शिवण मारतात. वीसएक मिमीची तूट ती पोटात घेते. ७५० मिमीच्या वरच्या वाहिनीत माणूस आत शिरू शकतो, तिथे आतूनही वेल्ड मारावा.

वेळेचा अंदाज असा. १००० मिमीच्या वाहिनीचा घेर साधारण ३.२ मीटर. दोन स्ट्रॅप, प्रत्येकाच्या दोन कडा, म्हणजे बाहेरून १२.८ मीटर शिवण. तीन थर धरले तर ३८ मीटरहून जास्त. मिनिटाला १५ सेंमी या चालीने निव्वळ आर्क चार तास वीस मिनिटं जळायला हवा. रॉड बदलणं, स्लॅग झाडणं, जागा बदलणं धरून हा वेळ सहज दुप्पट-तिप्पट होतो. दोन वेल्डर लावून काम पाच-साडेपाच तासांत होईल, चार लावले तर तीन तासांत. पण चौघांना खड्ड्यात उभं राहायला जागा हवी, म्हणजे पाईपच्या खाली आणि दोन्ही बाजूंना किमान हातभर मोकळी जागा. खालची शिवण नेहमी बिघडते ती वेल्डर वाईट असतो म्हणून नाही, त्याला तिथे नीट झोपता येत नाही म्हणून.

लो-हायड्रोजन रॉड वापरायचे तर ते भट्टीत तापवून गरम डब्यातच खड्ड्यावर आणावेत. उघड्या पाकिटातला दमट रॉड आणि ओलं लोखंड एकत्र आले की शिवणीत सच्छिद्रता येते आणि भेगा पडतात. पाण्यात उभ्या असलेल्या वेल्डरला डीसी मशीन द्यावं, एसी नको.

आता ठिबकणाऱ्या पाण्याचं. गळणाऱ्या बाजूला वाहिनीच्या आत दोन-तीन मीटरवर मातीच्या पोत्यांचा बांध घालतात, त्यामागे लहान सबमर्सिबल पंप सोडतात. पण पीस बसला की पंपाचा पाईप बाहेर काढणार कुठून? म्हणून पीसवरच ६०० मिमीचा मॅनहोल आधी करून आणायचा. त्यातून पंपाचा पाईप, हवेचा ब्लोअर, आतला वेल्डर, नंतर आतलं सिमेंटचं अस्तर दुरुस्त करणारा, सगळ्यांची ये-जा होते आणि शेवटी ब्लँक फ्लँज (भोक नसलेलं झाकण) लावून तोंड बंद. पीसच्या तळाला ५० मिमीचं आट्यांचं (थ्रेडचं) सॉकेटही ठेवावं. बांधातून झिरपलेलं पाणी तिथून खाली पडत राहतं आणि तळाची शिवण कोरडी राहते. सगळं झालं की प्लग आवळायचा. पोती आत जाताना मोजायची आणि बाहेर येताना पुन्हा मोजायची. एक पोतं आत राहिलं तर ते पुढच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या चकतीत जाऊन बसतं.

आत शिरण्याआधी वायू तपासायचाच. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही आणि वेल्डिंग चालू असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही.

आणखी एक बारकावा बरेच जण विसरतात, तो म्हणजे ऊन. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. शंभर मीटर रिकामी, उघडी वाहिनी दुपारी वीस अंशांनी जास्त तापली तर २४ मिमी लांब होते. दुपारी माप घेऊन कापलेला पीस पहाटे ढिला पडतो. उलट, दुपारच्या उन्हात शेवटचा जोड वेल्ड केला आणि रात्री आत थंड पाणी सोडलं, तर आकसणारी वाहिनी त्या ताज्या शिवणीला ओढते. शेवटची शिवण दिवसातल्या सगळ्यात थंड वेळी मारायची.

बोल्टचा जोड: ओल्या खड्ड्यातला खरा मित्र

जुनी वाहिनी बीडाची किंवा डक्टाईल आयर्नची असेल तर वेल्डिंगचा विचारच नको. इथे कपलिंग आणि फ्लँज अडॅप्टर. वरच्या कसोटीवर हा पर्याय पहिला येतो: पाणी ठिबकत असलं तरी रबर बसतं, बोल्ट आवळता येतात. अनुभवी फिटरची जोडी असली की १००० मिमीचं एक तोंड दीड-दोन तासांत होतं.

खोट मापात आहे. ‘१००० मिमी’ हे नाव आहे, बाहेरचा व्यास नव्हे. नव्या डक्टाईल आयर्नच्या १००० मिमी वाहिनीचा बाहेरचा व्यास १०४८ मिमी असतो, ६०० मिमीचा ६३५. जुन्या बीडाच्या वाहिनीचा व्यास तिच्या दाबाच्या वर्गावर आणि काळावर अवलंबून असतो, पोलादी वाहिनीचा तिसराच. त्यामुळे मागणी नोंदवण्याआधी चाचणी खड्डा खणून, वाहिनी घासून, टेपने घेर मोजायचा आणि ३.१४१६ ने भागायचं. घेर मोजण्यात ३ मिमी चुकले तर व्यासात १ मिमीच चुकतो, म्हणून ही पद्धत कॅलिपरपेक्षा भरवशाची. कॅलिपर लागतो तो लंबगोलपणा बघायला: उभा व्यास आणि आडवा व्यास वेगळा निघाला तर घेराने तो कळणार नाही.

‘वाईड रेंज’ म्हणून मिळणाऱ्या कपलिंगबद्दल एक इशारा. लहान व्यासात त्यांची व्याप्ती खरोखर मोठी असते. मोठ्या व्यासात ती आखडते, त्यामुळे मोजमाप टाळण्यासाठी वाईड रेंज घेणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. दोन्ही बाजूंचा व्यास वेगळा असेल तर स्टेप कपलिंग मागवायचं, पॅकिंगच्या जुगाडाने काम भागत नाही.

रबर जिथे बसणार तो पट्टा, साधारण तीनशे मिमी, धातू चमकेपर्यंत साफ हवा. गंजाचा आडवा खड्डा बऱ्याचदा रबर झाकतं, पण लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा कधीच झाकला जात नाही. पाणी त्याच खाचेतून रबराखालून निसटतं. वंगणाला साबणाचं पाणी किंवा निर्मात्याने दिलेलं वंगण. गाडीचं ग्रीस नको, ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं. बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. एकाच बाजूने आवळत गेलं की रबर दुसऱ्या बाजूला उचकटतं आणि ते चार्जिंगच्या, म्हणजे वाहिनीत पाणी भरून दाब देण्याच्या वेळीच कळतं.

डिसमँटलिंग जॉइंट मात्र वेगळी वस्तू आहे, त्याला कपलिंग समजू नये. तो लांबीत साधारण ५० मिमी आतबाहेर होतो, पण कोन घेत नाही. दोन फ्लँज एका रेषेत नसतील तर बोल्टने ओढून त्यांना रेषेत आणायचा प्रयत्न करू नये. व्हॉल्व्हशेजारी तो असणं ही चैन नाही, पुढे व्हॉल्व्ह काढायची वेळ आली की शटडाऊनचे तास वाचतात. आपल्या यादीतली ही एकमेव वस्तू आहे जिचा फायदा पुढच्या माणसाला होतो, कदाचित म्हणूनच ती खर्चकपातीत पहिली उडते.

ढकलणारं पाणी

साध्या कपलिंगचं आणि फ्लँज अडॅप्टरचं सगळ्यात मोठं न्यून हे की ते वाहिनीला धरून ठेवत नाहीत. १०४८ मिमी व्यास आणि ६ बार दाब घेतला तर बंद टोकावर सुमारे ५३ टन जोर येतो. नव्वद अंशांच्या बेंडवर तो ७५ टनांच्या घरात जातो. खड्ड्यात सकाळी ओतलेल्या काँक्रीटच्या ब्लॉकला संध्याकाळी हे सांगता येत नाही. म्हणून एक तर बेंडचे थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे हा जोर पेलणारे काँक्रीटचे ठोकळे, आधी ओतून पिकवलेले हवेत, नाहीतर टायरॉड (दोन बाजूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या लांब सळ्या) असलेला जोड घ्यावा. टायरॉड असूनही नट ढिले सोडलेले दिसतात. दाब आला की जोड नटापर्यंत सरकतो आणि रबर जागा सोडतं.

चालू वाहिनीच्या जुन्या थ्रस्ट ब्लॉकमागची माती खणू नये. ब्लॉक एकटा काही धरत नसतो, त्याच्या मागची माती धरते. जोडणीचा खड्डा आखताना ही चूक वारंवार होते, कारण नकाशावर ब्लॉक दिसतो, माती दिसत नाही.

जोर वरच्या दिशेनेही येतो. १० मिमी जाडीच्या १००० मिमी पोलादी वाहिनीचं वजन मीटरला २५० किलोच्या आसपास, आणि बुडाल्यावर ती मीटरला ८१७ किलो पाणी बाजूला सारते. म्हणजे चर पाण्याने भरला तर बंद तोंडाची रिकामी वाहिनी मीटरमागे साडेपाचशे किलोहून जास्त ताकदीने वर येते. बारा मीटरच्या पाईपला हे पावणेसात टन झाले. पंप बंद पडलेल्या एका रात्रीत रांगेत बसवलेली वाहिनी तरंगून वाकडी होते. जोडणीच्या टोकाकडच्या शेवटच्या दोन-तीन पाईपांवर मातीचा भार आधीच टाकून ठेवायचा, फक्त जोडाची जागा उघडी.

चालू लाईनवर टॅपिंग

शटडाऊनच नको असेल तर हाच पर्याय. जुन्या वाहिनीवर स्प्लिट टी (दोन अर्ध्या भागांत येणारी, बोल्टने आवळायची फांदी) किंवा वेल्डेड सॅडल (पाईपवर वेल्ड केलेली फांदीची बैठक), त्यावर व्हॉल्व्ह, त्यावर मशीन. मशीन व्हॉल्व्हमधून आत शिरून भोक पाडतं, कटर मागे घेतला की व्हॉल्व्ह बंद. पाणी पुरवठ्यातल्या कुणाला पत्ताही लागत नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण मोकळ्या पोटाचा गेट व्हॉल्व्हच हवा. बटरफ्लायची चकती मधेच उभी राहते, कटर जाणार कुठून? सांगायला सोपं आहे, पण खरेदी यादीत ‘६०० मिमी व्हॉल्व्ह’ एवढंच लिहिलं की जागेवर बटरफ्लाय येतो. भोक पाडण्याआधी टी आणि व्हॉल्व्ह मिळून दाबाची चाचणी घ्यायची. नंतर गळती सापडली तर मागे फिरायला वाट नाही. सॅडल वेल्ड करायचं असेल तर जुन्या पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजायची. ५ मिमीपेक्षा कमी उरलेल्या पत्र्यावर चालू दाबात आर्क लावू नये.

कापलेल्या चकतीवर लक्ष ठेवा. १० मिमी पत्र्याची ६०० मिमी चकती २२ किलोची होते. पायलट ड्रिलवरची तार ती धरून ठेवते. कटर बाहेर आल्यावर चकती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम झालं असं लिहून देऊ नये. टी, व्हॉल्व्ह आणि मशीनचं वजन जुन्या वाहिनीवर लटकवायचं नाही, व्हॉल्व्हखाली पक्का आधार हवा, बीडाच्या वाहिनीला तर नक्कीच. आणि ताणलेल्या तारांच्या काँक्रीट वाहिनीला ही साधी पद्धत चालत नाही. तिथे त्याच प्रकारच्या पाईपसाठी बनवलेलं सॅडल आणि ते बसवणारी माणसं लागतात.

टॅपिंगने फांदी मिळते, मूळ वाहिनीचा मार्ग बदलता येत नाही. जुन्या वाहिनीएवढ्याच व्यासाचं भोक पाडायचा मोह टाळावा, तिच्या घेरातला फार मोठा हिस्सा त्यात जातो.

लाईनस्टॉप याच कामाचा पुढचा भाग. टॅप केलेल्या भोकातून अडथळा आत सोडतात आणि बायपासने पुरवठा चालू ठेवतात. व्हॉल्व्ह नाहीतच किंवा सगळे मोडलेत, तिथे याला तोड नाही. पण जुन्या खडबडीत पाईपमध्ये तो शंभर टक्के पाणी अडवत नाही, त्यामुळे त्याच्यामागेही पंप लागतोच. पूर्ण कोरडं मिळेल असं सांगून कुणी विकत असेल तर त्याला जुन्या वाहिनीचा कापलेला तुकडा दाखवा.

पाणी सोडताना

चोवीस तासांची वाटणी साधारण अशी बसते: व्हॉल्व्ह बंद करायला दीड तास, पाणी उतरवायला सात-आठ, कापायला दीड, पीस बसवायला दोन, वेल्डिंगला पाच, भरायला दोन, धुवायला दोन. हातात दोन-तीन तास उरतात आणि ते नेहमी भरण्यात चोरले जातात. इथे घाई नको. भरताना वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे एका किलोमीटरला पंचावन्न मिनिटं. पोलादी वाहिनीत सेकंदाला १ मीटरचा प्रवाह अचानक अडला तर साधारण १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब उसळतो, आणि अडकलेल्या हवेमुळे नेमकं हेच घडतं. एअर व्हॉल्व्ह उघडे आहेत, त्यांच्या खालचा स्लूस (गेट) व्हॉल्व्ह बंद नाही, हे माणूस पाठवून बघायचं. रिकामं करतानाही तेच: हवा आत शिरली नाही तर पातळ पत्र्याची वाहिनी आत चेपते.

नव्या पीसच्या, कपलिंगच्या आणि कापलेल्या तोंडाच्या आतल्या बाजू १ टक्का क्लोरीनच्या द्रावणाने पुसून घ्यायच्या. ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन धरलं तर लिटरला ३३ ग्रॅम. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणीच वापरायचं.

शेवटच्या जोडाची वेगळी जलदाब चाचणी घेता येत नाही, तो थेट कामाच्या दाबावरच तपासला जातो. म्हणून वेल्डवर आधी डाय पेनेट्रंट (भेगा दाखवणारा रंग) लावून बघावं, आणि बोल्टचा जोड असेल तर दाब आल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा. खड्डा पुढचे चोवीस तास उघडा ठेवायचा. पंप हलवायचे नाहीत, आणि चावीवर माणूस बसवून ठेवायचा.